आम्ब्रुआझ पारे: तेल संपलं आणि जखमा भरल्या

हायड्रोजेलवर लिहायचं म्हटलं की मला आधी १६व्या शतकातला एक फ्रेंच न्हावी-शल्यक आठवतो, आम्ब्रुआझ पारे. जन्म साधारण १५१०चा, लावाल गावाजवळचा. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात शिकून तो सैन्याबरोबर इटलीत गेला.

बंदुकीची जखम विषारी असते, असा तेव्हा समज होता. म्हणून तिच्यात उकळतं तेल ओतायचे! १५३७च्या सुमारास तूरिनच्या मोहिमेत तेलच संपलं. पारेने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइनचा लेप लावला. सकाळी ही माणसं मेलेली दिसतील, या धास्तीने त्याला झोप लागेना. पण सकाळी लेपवाल्यांना वेदना कमी होत्या; तेलवाले तापलेले, जखमा सुजलेल्या. १५४५ साली त्याने हे पुस्तकात मांडलं, तेही लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये. पुढे तो ४ राजांचा शल्यविशारद झाला आणि १५९० साली पॅरिसमध्ये वारला.

पारेचा लेप म्हणजे हायड्रोजेल नव्हे, आणि तो घरी करूनही बघू नका. पण जखमेला जाळण्यापेक्षा जपावं, ही दिशा तीच. फळांच्या सालीतलं पेक्टिन किंवा झाडांतलं सेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांचं जाळं भरपूर पाणी धरून ठेवतं. त्यामुळे जखम ओलसर राहते आणि नव्या पेशी तिच्यावर सहज सरकतात. ओलसर जखमेवर त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. पट्टी निवडताना डॉक्टर आजही हेच बघतात: जखम कोरडी आहे की पाझरतेय?