डब्यात काय आहे, हे विचारणाऱ्या डॉक्टर

गणपतीची आरास करताना थर्माकोलला पिवळे रबरी सोल्युशन लावून पाहिलेल्यांना एक धडा कायमचा मिळालेला असतो. थर्माकोल चिकटायचे सोडून आक्रसतो, त्याला खड्डे पडतात आणि रात्रभर जागून कापलेली महिरप वाया जाते. दोष सोल्युशनमधल्या रबराचा नसतो, ते रबर पातळ ठेवणाऱ्या द्रावकाचा असतो. म्हणून जाणकार कारागीर फोमच्या प्रकाराप्रमाणे चिकटद्रव्य निवडतात. लाटांवरून घसरण्याच्या फळ्या, म्हणजे सर्फबोर्ड, फोमच्या ठोकळ्यांतून घडवणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते.

फोमचे नुकसान डोळ्यांसमोर, मिनिटाभरात होते. तोच द्रावक श्वासावाटे माणसाच्या शरीरात गेला, तर नुकसान दिसायला महिने किंवा वर्षे लागतात. भोसरी, तळवड्यापासून चाकण, महाळुंग्यापर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या सीट, दारांची आणि छताची अस्तरे यांसाठी फोम, कापड आणि रेक्झिन एकमेकांना जोडावे लागते. अशा कामात कोणते चिकटद्रव्य योग्य, हा प्रश्न ते लावणाऱ्या माणसाच्या बाजूने कसा विचारायचा, हे ज्यांनी वैद्यकाला शिकवले त्या होत्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी गेले. घर सुशिक्षित, वाचनाचे. त्यांची थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरील लेखनासाठी प्रसिद्ध झाली. ॲलिस यांनी १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि नंतर जीवाणुशास्त्र व विकृतिशास्त्र शिकण्यासाठी त्या जर्मनीला गेल्या. तिथे स्त्रियांना वर्गात बसू दिले जाई ते एवढ्याच अटीवर, की त्यांनी कोणाच्या नजरेत भरू नये.

१८९७ मध्ये त्या शिकागोत शिकवू लागल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या सेवाकेंद्रात राहायला गेल्या. भोवती स्थलांतरित मजुरांची दाट वस्ती होती. इटली, पोलंड, ग्रीस अशा देशांतून आलेली माणसे, भाषा येत नाही, मिळेल ते काम करणारी. तिथल्या बायाबापड्यांशी बोलताना डॉ. हॅमिल्टन यांच्या लक्षात आले, की विशिष्ट कारखान्यांत जाणाऱ्या पुरुषांना विशिष्ट दुखणी होतात. कोणाच्या पोटात असह्य कळा येतात, कोणाचे मनगट लुळे पडते. शेजारपाजारच्यांना हे ठाऊक असे. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र अमेरिकेतील कारखान्यांविषयी फारसे काही नव्हते.

त्यांच्या हातून एक चूकही झाली, आणि ती त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितली. १९०२ मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली. डॉ. हॅमिल्टन यांनी तिचा दोष माश्यांना दिला. त्या निष्कर्षाचा बराच गाजावाजा झाला. नंतर कळले, की खरे कारण पिण्याच्या पाण्यात मिसळलेले सांडपाणी हे होते आणि ती गोष्ट दडपली गेली होती. समोर दिसते ते कारण खरे असेलच असे नाही, हा धडा पुढच्या कामात त्यांच्या उपयोगी पडला.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य आजारांची पाहणी सुरू केली आणि शिशाच्या विषबाधेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांची पद्धत पायपिटीची होती. कारखाने पाहायचे, रुग्णालयांच्या नोंदी चाळायच्या, औषधविक्रेत्यांना विचारायचे आणि मजुराच्या घरी जाऊन त्याच्या बायकोशी बोलायचे. एकदा न्हाणीच्या टबांना एनॅमलचा मुलामा देणारा एक पोलिश मजूर शिशाच्या विषबाधेने आजारी पडला. कारखाना पाहिला, तर तिथे धोका दिसेना. मजुराच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. त्यांना दाखवली होती ती शेवटचा हात फिरवण्याची जागा. मुलाम्याचे खरे काम दुसरीकडेच चालत होते. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, इलिनॉयने व्यवसायजन्य आजारांविषयी कायदा केला. त्यानंतर त्या केंद्र सरकारसाठी पाहणी करू लागल्या. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकार त्यांना नव्हता. मालकाची परवानगी मागून, समजूत घालूनच त्या आत जात आणि बदलही बहुधा तसेच घडवून आणत.

पहिल्या महायुद्धाने चिकटद्रव्यांचा प्रश्न पुढे आणला. स्फोटकांसाठी टोल्युइन हवे होते. ते दगडी कोळशापासून काढताना बेंझिनही मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. युद्ध संपले आणि या बेंझिनचे करायचे काय, असा प्रश्न पडला. रबर त्यात सहज विरघळते आणि लावल्यावर ते भराभर उडून जाते. त्यामुळे रबरी सोल्युशन, डब्यांची झाकणे बंद करणारे मिश्रण, कृत्रिम चामडे अशा अनेक कामांत ते शिरले. कारखानदाराच्या दृष्टीने हे उत्तम चिकटद्रव्य होते: स्वस्त, लवकर सुकणारे, घट्ट धरणारे.

पण उडून गेलेले बेंझिन कामगाराच्या श्वासात जात होते. स्वीडनमधील उप्साला येथे सायकलचे टायर बनवणाऱ्या तरुण मुली त्यामुळे दगावल्याचे १८९७ मध्येच नोंदले गेले होते. बेंझिन अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात तिथेच घाव घालते. आधी थकवा येतो, मग हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे-जांभळे डाग आणि साध्या संसर्गालाही शरण जाणारे शरीर. १९२२ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात लेख लिहून डॉ. हॅमिल्टन यांनी या वाढत्या धोक्याकडे लक्ष वेधले.

तेव्हा त्या हार्वर्ड विद्यापीठात होत्या. १९१९ मध्ये तिथे नेमणूक झालेल्या त्या पहिल्या महिला अध्यापक. प्राध्यापकांच्या क्लबात यायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही आणि फुटबॉलची तिकिटे मागायची नाहीत, अशा अटी त्यांना घातल्या होत्या. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हाही त्यांचे पद साहाय्यक प्राध्यापकाचेच होते. मधल्या काळात, १९२५ साली, अमेरिकेतील औद्योगिक विषांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यालाही त्यांनी जाहीर विरोध केला.

त्यांच्या इशाऱ्यानंतरही बेंझिन लगेच गेले नाही. १९७० च्या दशकात इस्तंबूलचे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी बेंझिनयुक्त चिकटद्रव्य वापरणाऱ्या चप्पल-बूट कारागिरांमध्ये रक्ताचा कर्करोग दाखवून दिला. अमेरिकेत कामाच्या जागेवरील हवेत बेंझिन दहा लाख भागांत एक भाग एवढेच असावे, ही मर्यादा १९८७ मध्ये लागू झाली. पहिल्या इशाऱ्यानंतर ६५ वर्षांनी.

बेंझिनच्या जागी काय आले, हेही पाहायला हवे. हेक्झेन आले, तर जपान आणि इटलीतील पादत्राण कारागिरांच्या पायांतील नसा निकामी होऊ लागल्या. फोमच्या गाद्या चिकटवण्याच्या कामात क्लोरिनयुक्त द्रावकांवर बंधने आल्यावर अमेरिकेत काही ठिकाणी १-ब्रोमोप्रोपेन हा पर्याय निवडला गेला. २००७ मध्ये यूटा राज्यातील अशाच एका कामावरच्या सहा जणांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांचे पाय दुखत होते, बधिर झाले होते आणि चालणे अवघड झाले होते. फोम शाबूत होता, जोड पक्का होता, माणसे मात्र अधू झाली. एक विष काढून दुसरे आणणे म्हणजे सुधारणा नव्हे.

योग्य चिकटद्रव्याची पहिली कसोटी म्हणूनच डब्यावरच्या नावाची नाही, आतल्या घटकांची आहे. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. पाण्यावर आधारलेले चिकटद्रव्य चालत असेल, तर ते आधी वापरून पाहावे. सुकायला वेळ लागतो, हा त्याचा तोटा खरा, पण तो वेळ परवडणारा आहे. दोन डबे मिसळून करायच्या पॉलियुरेथेन चिकटद्रव्याला वास कमी असतो, म्हणून ते निर्धोक समजू नये. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. कामाच्या दिवशी खोकला आणि छाती भरणे, सुट्टीच्या दिवशी आराम, ही त्याची खूण. द्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतात. छताचा पंखा त्या फक्त फिरवत राहतो. वाफ जिथे निघते तिथूनच बाहेर ओढणारी व्यवस्था हवी. कापडी मास्क वाफ अडवत नाही. हात थिनरने धुऊ नयेत.

कामगाराने सांगायची लक्षणे साधी आहेत. तळपायाला मुंग्या येणे, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणे, हिरड्यांतून रक्त येणे, विनाकारण थकवा. दवाखान्यात येताना डब्यावरच्या लेबलचा फोटो आणावा. डॉक्टरांनी मुंग्यांचे खापर मधुमेहावर किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर फोडण्याआधी काम काय करता, हे विचारावे. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने बेंझिनची विषबाधा कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत घातली आणि ती कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकली. प्रश्नच विचारला नाही, तर कळवणार काय?

डॉ. हॅमिल्टन २२ सप्टेंबर १९७० रोजी कनेक्टिकटमधील हॅडलाइम येथे वारल्या. वय होते १०१ वर्षे. त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा झाला. ज्या कारखान्यांत त्या परवानगी मागून शिरत होत्या, तिथे आता सरकारी निरीक्षक अधिकाराने जाऊ शकणार होता. तो दिवस पाहायला त्या तीन महिन्यांनी कमी पडल्या.