आचार्य श्रीनागदेव आणि पंथाची परिभाषा

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी इ. स. 1274 च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेल्या परिवाराजवळ ग्रंथ नव्हता. जे होते ते ऐकलेले शब्द होते. हे शब्द ज्यांच्या आधाराने टिकले त्या आचार्य श्रीनागदेवांचे, म्हणजे भटोबासांचे, चरित्र बहुतांशी शब्दरक्षणाचेच चरित्र आहे.

स्वामींच्या वियोगानंतर भटोबास ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. प्रभूंच्या देहावसानानंतर मार्गाची धुरा त्यांच्याकडे आली. म्हाइंभटांनी लीळा मेळविण्याचे कार्य आरंभिले ते त्यांच्याच आश्रयाने. ज्याने जे पाहिले-ऐकिले त्याच्याकडूनच ते घ्यावयाचे, हा म्हाइंभटांचा दंडक होता. त्यामुळे स्वामींच्या नित्यक्रमाचे शब्द जसेच्या तसे उतरले. मर्दना, मादणें, पूजावसर, आरोगण, पहुड, उपहुड, गुळुळा हे शब्द आज नवख्या वाचकास कूट वाटतात. परंतु त्यांचा अर्थ अंग चोळणे, स्नान, पूजेची वेळ, भोजन, निजणे, उठणे आणि चूळ भरणे इतकाच आहे. हे सेवेतील शब्द आहेत, तर्कशास्त्रातील नव्हेत. सन्निधान, असन्निधान, अटन, विजन यांसारखे आचारधर्माचे शब्द संस्कृतातून आले खरे, पण तेही भिक्षुकाच्या रोजच्या वागण्याशी बांधले गेले.

भटोबासांचा खरा कस लागला तो विद्वान शिष्यांच्या बाबतीत. केशिराजबास व पंडितबास हे संस्कृतात मुरलेले. त्यांनी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्यांनी ती भाषा आपणांस कळत नाही असे सांगून, स्वामींनी ज्या मराठीत निरूपण केले तिच्यातच विचारावयास लावले. पुढे केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हाही आचार्यांनी त्यांना आवरले; कारण अशा रचनेने मार्गातील म्हाताऱ्या नागवल्या गेल्या असत्या. येथे महदाइसेचे स्मरण सहज होते. त्या आचार्यांच्या चुलत भगिनी, धवळ्यांच्या कर्त्या आणि प्रश्न विचारून समाधान होईपर्यंत न थांबणाऱ्या होत्या. अशा श्रोत्यांसाठी भाषा राखावयाची होती. केशिराजबासांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतात आहे हे विसरता येत नाही. तथापि त्यांनी लीळांतून निवडलेला सूत्रपाठ आणि 114 दृष्टांतांचा दृष्टांतपाठ मराठीत राहिले, आणि पंथाचे शास्त्र त्यांवरच उभे आहे.

इ. स. 1302 च्या सुमारास आचार्यांचे देहावसान झाले व बाइदेवबासांकडे धुरा आली. थोड्याच वर्षांत यवनांच्या धाडीत लीळांची मूळ पोथी नष्ट झाल्याची परंपरा आहे. पाठांतरावरून ती पुन्हा सिद्ध करावी लागली. त्यानंतर चौदाव्या शतकात सकळा लिपी आली. तिच्या निर्मितीचा मान रवळोबासांकडे जातो. एका अक्षराच्या जागी दुसरे लिहावयाचे, ही तिची रीत. सुंदरी इत्यादी अन्य लिपीही झाल्या. पोथ्यांचे पाठ परहस्ते बिघडले नाहीत, हा तिचा उपकार मान्य केलाच पाहिजे. परंतु म्हाताऱ्यांसाठी मोकळी ठेवलेली मराठी ज्यास लिपीची किल्ली मिळाली नाही त्यास बंद झाली, हेही तितकेच खरे. आणि ही अडचण आचार्यांच्या दंडकाशी सहजी जुळत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1910 च्या सुमारास सकळा लिपीचा उलगडा प्रसिद्ध केला, तेव्हा पंथाबाहेरील महाराष्ट्रास या पोथ्यांतील मराठी प्रथम वाचता आली.

दूरच्या मठांतून मात्र आचार्यांचा दंडक अधिक सरळपणे चालला. पंजाबात, जेथे पंथ जयकृष्णी या नावाने ओळखला गेला, तेथील घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या उपदेशींनीही सूत्रे मराठीतच मुखोद्गत केली.