थोर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर

माझे काका गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत संगणकावर चालणाऱ्या लेथवर बोल्टला आटे पाडतात. जॉबचा एक फेरा झाला की हत्यार ठरल्याइतकेच पुढे सरकायला हवे. केसभर चुकले तरी नट बसत नाही, माल बाद होतो.

आपल्या देशात लेथ बनवणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. पण रंगच नीट ओळखता येईनात! मग ते मुंबईत यंत्रांची चित्रे काढायला शिकले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, असे समजून शेतकरी तो घेईनात. तरी लक्ष्मणराव डगमगले नाहीत. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ मध्ये हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

काकांनी दिलेला एक बोल्ट माझ्या कंपासपेटीत आहे. त्याच्यावर नट बोटाने गरागरा फिरतो. मोठेपणी मलाही लेथवर काम करायचे आहे.