गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव

नाचणगावच्या मातीत खेळणाऱ्या आमच्या मुलांसमोर एका खेडेगावातील मल्लाचे चरित्र आम्ही आदरपूर्वक ठेवीत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडीलही मल्ल असल्याने कुस्तीचे धडे त्यांना घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मॅटवरील कुस्तीची फारशी सवय नसतानाही, त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लाशी झुंजावे लागले. नियमानुसार मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती मागण्यास तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. तरीही कांस्यपदक त्यांनी आणलेच. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

पुढे त्यांनी पोलीस खात्यात सेवा केली. १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला.

गुणी मूल कोणत्याही खेड्यात जन्मते. त्याच्यामागे कोणी उभे राहते की नाही, यावर पुढचे सारे ठरते. खर्डेकर उभे राहिले. हेलसिंकीत कोणीच नव्हते. आमच्या पालकांनी, शिक्षकांनी व माजी विद्यार्थ्यांनी यांतील कोणती बाजू घ्यायची, हे आम्हीच ठरवावयाचे आहे.