डन्स गांवचा मुलगा : रेव्ह. स्टीफन हिस्लॉप

नागपूर येथील हिस्लॉप कॉलेजाचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकिलें असेल. तें १८८३ सालीं उघडलें. परंतु ज्या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ हें नांव देण्यांत आलें, त्यांचें बाळपण कोठें व कसें गेलें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे.

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीजवळ, बेरिक या इंग्लिश शहरापासून सुमारें १५ मैलांवर, डन्स नांवाचें लहानसें बाजाराचें गांव आहे. तेथें ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्टीफन यांचा जन्म झाला. वडील बांधकामाचा धंदा करीत. घराणें धर्मनिष्ठ होतें. गांवालगत डन्स लॉ नांवाची टेकडी आहे. आपल्या मंडळीच्या उपासनेंत राजानें ढवळाढवळ करूं नये म्हणून स्कॉच लोकांच्या सेनेनें १६३९ सालीं तेथेंच तळ दिला होता. डन्सजवळच स्लाइहाउसेस येथें जेम्स हटन यांनीं अठराव्या शतकांत शेती केली होती. त्याच परगण्याच्या समुद्रकांठीं १७८८ सालीं उभ्या खडकांवर पसरलेले तांबडे थर पाहून त्यांनीं पृथ्वीचें अफाट वय ताडिलें. अशा गांवीं वाढलेल्या मुलास दगडही बोलके वाटले, यांत नवल नाहीं. वडील बंधु रॉबर्ट यांच्या संगतीनें स्टीफन यांस झाडेंझुडें, किडे व दगड निरखण्याची गोडी लागली. ही गोडी त्यांस जन्मभर पुरली.

एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडांतील मंडळी दुभंगली, तेव्हां ते फ्री चर्चास मिळाले. पुढील वर्षीं त्यांचा विवाह झाला, आणि १८४५ सालीं पत्नीसह ते नागपुरास पोहोंचले. डन्सचा थंड वारा कोठें आणि नागपूरचा वैशाखवणवा कोठें! तथापि मातृभूमि सोडतांना बाळपणची नजर त्यांनीं मागें ठेविली नाहीं. १८४६ सालीं त्यांनीं शाळा उघडली. मराठींत उपदेश चालविला.

१८५१ सालीं रेव्ह. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर ते शहराबाहेर फिरावयास गेले असतां काळ्या खडकांच्या थरांमध्यें त्यांस गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे दगड झालेले शंख आढळले. ज्या वाटेनें हजारों लोक जात येत, तेथें हे दोघे वांकून पाहूं लागले. ज्वालामुखीचा एक लोंढा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यंतरीं येथें तळीं होतीं व त्यांत जीव नांदत होते, हें त्यावरून उघड झालें. पुढें त्यांचे लेख लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळानें छापिले, व एका खनिजास हिस्लोपाइट असें नांव पडलें.

जी आस्था दगडांविषयीं, तीच माणसांविषयीं. ज्यांस पुष्कळजण रानटी म्हणून हिणवीत, त्या गोंड लोकांची भाषा, चालीरीती व लिंगोचें गीत त्यांनीं काळजीपूर्वक लिहून घेतलें. हे कागद त्यांच्या मरणानंतर, १८६६ सालीं, सर रिचर्ड टेंपल यांनीं प्रसिद्ध केले.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं टेंपल साहेबांबरोबर ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेले होते. टेंपल पुढें निघाले. हिस्लॉप मात्र गांवच्या शाळेंतील मुलांची परीक्षा घेण्यासाठीं मागें राहिले. सायंकाळीं घोड्यावरून परततांना पुराच्या पाण्यानें फुगलेल्या ओढ्यांत ते बुडाले. मुक्कामीं घोडा पोहोंचला, स्वार पोहोंचला नाहीं. त्यांस ४६ वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस उणे होते.

विद्वानांसाठीं त्यांनीं पुष्कळ केलें. पण त्यांचे शेवटचे तास खेडेगांवच्या लेंकरांसाठीं खर्ची पडले. खेड्यांतील आईबापांनो, ही गोष्ट मनांत ठेवा. आपलें मूल ओढ्यांतून खडे, शिंपा, पिसें गोळा करून आणतें, तेव्हां केर म्हणून तें बाहेर भिरकावूं नका. त्याजजवळ घटकाभर बसून पाहा. निर्माणकर्त्यानें घडविलेली वस्तु न्याहाळण्याची संवय लहानपणींच जडते, आणि देव तिचा उपयोग कोठें करील, हें सांगतां येत नाहीं. डन्स येथील गवंडीकाम पाहत वाढलेल्या मुलाच्या ठायीं ती जडली, आणि तिचें फळ नागपुरास मिळालें.