आवाज कोणासाठी?
पं. विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१)

कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबरांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गाणे कमावले. दरबारी गवई म्हणून नाव करता आले असते. पण १८९६ मध्ये मिरज सोडून, औंध-सातारामार्गे ते पुढे उत्तरेत गेले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी सामान्य घरांतील मुलांना गाणे शिकवले. बंदिशींतील शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द घातले. ‘रघुपती राघव’ला सगळ्या सभेला म्हणता येईल अशी साधी चाल दिली. कसलेला गळा त्यांनी भजनाच्या सेवेला लावला. मिरजेतच त्यांचे निधन झाले.

मिस्सेत गाताना आपणही स्वतःला विचारू या: लोकांपर्यंत काय पोहोचते, माझा आवाज की प्रार्थना?