बाबासाहेबांचा मधुमेह, इन्सुलिन आणि माईसाहेब

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या अहमदनगर) हरेगावात १६ डिसेंबर १९३९ रोजी वतनदारांची परिषद झाली. तेव्हा बाबासाहेब ४८ वर्षांचे होते. ते भाषण आपण वाचतो, त्यावर व्याख्यानं ठेवतो. पण पुढची सतरा वर्षं त्यांच्या शरीराने काय सोसलं, यावर आपण फारसं बोलत नाही.

१९४७-४८ मध्ये राज्यघटनेचा मसुदा हातात होता आणि मधुमेह बळावला होता. पायांच्या मज्जातंतूंत असह्य कळा, रात्र रात्र झोप नाही. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार सुरू होते, तिथेच डॉ. शारदा कबीर काम करत. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्यानंतर पथ्य आणि औषधं माईसाहेबांच्या देखरेखीखाली आली.

यातलं मुख्य औषध इन्सुलिन. १९२१ मध्ये टोरांटोत त्याचा शोध लागला. म्हणजे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेच्या बऱ्याच काळात ते औषध उपलब्धच नव्हतं. आपल्या स्वादुपिंडात तयार होणारं हे संप्रेरक साखर पेशींत पोचवतं. तोंडाने घेतलं तर अन्नासारखं पचून जातं, म्हणून टोचावं लागतं. त्याने मधुमेह बरा होत नाही, ताब्यात राहतो. परिणाम काही तासांत ओसरतो, म्हणून वेळ पाळावी लागते. मात्रा कमी पडली तर साखर चढते आणि वर्षानुवर्षं चढलेली साखर डोळे, पाय, हृदय पोखरते. मात्रा जास्त झाली किंवा जेवण चुकलं तर घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. तारक आणि मारक मात्रेतलं हे अंतर काही औषधांत मोठं असतं, इन्सुलिनमध्ये कमी. (एकदा घेतलं की सवय लागते, असं आपल्या वस्त्यांत अजून ऐकू येतं. ते खरं नाही. शरीराला ते लागतंच. फक्त स्वतःचं पुरेसं बनत नाही.)

अशा शरीराने बाबासाहेबांनी संविधान पूर्ण केलं, १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषदही गाठली. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

मग संशय माईसाहेबांवर घेतला गेला. जी व्यक्ती औषधं सांभाळत होती, तिच्यावरच विषाचा आरोप! सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिकच ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. दीर्घ मधुमेह हृदयाचं काय करतो, हे तेव्हा आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक होतं, हे आम्ही समजू शकतो. पण आपल्याच समाजाने एका डॉक्टर बाईला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेल्या बाईला, वर्षानुवर्षं दूर ठेवलं, हे आम्हाला आजही टोचतं.

पुढे दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणलं. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.